टर्नओव्हर ५ कोटींच्या वर गेला, आता ई-इन्व्हॉइसचं काय करायचं? नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी

एप्रिल लागला की माझा फोन गरम व्हायला लागतो. सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कुणीतरी टॉवेलवाला असतो नाहीतर अशोक चौकातला एखादा युनिफॉर्मवाला, मार्चअखेरीला त्याच्या सीएनं सांगितलेलं असतंय की तुमचा टर्नओव्हर पाच कोटींच्या वर गेलाय, एक तारखेपासून ई-इन्व्हॉइस चालू करा, आणि एवढं बोलून सीए साहेब आपल्या कामाला लागलेले असतात. मग इकडं गेटवर टेम्पो भरून उभा, ड्रायव्हर चहा पिऊन कंटाळलेला, आणि मालक मला विचारतोय, "ओ, आम्ही तर बिलाची पीडीएफ करून व्हॉट्सअपवर टाकतोयच की, ते ई-इन्व्हॉइसच झालं ना?"

नाही झालं. इथूनच सुरुवात करू.

ई-इन्व्हॉइस म्हणजे बिल मेलवर पाठवणं नाही, कॉम्प्युटरवर बिल काढणं पण नाही. बिल तुम्ही जसं आत्ता टॅली नाहीतर बिझी या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधे काढताय तसंच काढायचं, फक्त पार्टीच्या हातात देण्याआधी त्याची माहिती सरकारनं नेमलेल्या नोंदणी पोर्टलवर जाते, त्याला आयआरपी म्हणतात. ते पोर्टल बिल तपासतं, त्याला ६४ अक्षर-आकड्यांचा एक नंबर देतं, तो आयआरएन, त्यावर स्वतःची डिजिटल सही करतं आणि एक क्यूआर कोड परत पाठवतं. तो क्यूआर बिलावर छापला की मगच ते बिल. जमिनीच्या दस्ताचं कसं असतंय, लिहिला, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, पण रजिस्टर ऑफिसला नोंदवलाच नाही तर त्याला कोण विचारतंय? तसंच. जीएसटीच्या नियम ४८ मधे सरळ लिहिलंय की ज्याला ई-इन्व्हॉइस लागू आहे त्यानं साधं बिल दिलं तर ते बिलच धरलं जाणार नाही. दंडाचं नंतर बघू, त्याआधी समोरच्या पार्टीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं आणि पार्टी पेमेंट थांबवते. दंडाची नोटीस यायला वेळ लागतो ओ, पार्टीचा फोन मात्र दुसऱ्या दिवशी येतोय.

आपल्याला लागू आहे का

हे १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या वरच्या कंपन्यांपासून चालू झालं. तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी पेपरात वाचून पान उलटलं होतं, मोठ्या लोकांचं काम म्हणून. जानेवारी २०२१ ला १०० कोटी, त्याच एप्रिलला ५०, एप्रिल २०२२ ला २०, ऑक्टोबर २०२२ ला १० आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. पायरी पायरीनं खाली येत येत ते आपल्या दारात आलं.

आता इथं दोन गोष्टींत लोक फसतात. एक म्हणजे टर्नओव्हर पॅनवर मोजायचा, एका जीएसटी नंबरवर नाही. सोलापुरात कारखाना, हैदराबादला गोडाऊन, दोन्हीकडं वेगळा जीएसटी नंबर, पण पॅन एकच, तर दोन्हीची बेरीज. त्यात करमाफ विक्री पण धरायची आणि एक्स्पोर्ट पण. दुसरं म्हणजे फक्त गेलं वर्ष बघायचं नाही, २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षात पाच कोटी ओलांडले असतील तर तुम्ही आत आलात, नंतर धंदा निम्म्यावर आला तरी सुटका नाही. एकाचा २०१८-१९ चा एकच मोठा टॉवेलचा सरकारी ऑर्डर होता, नंतर कधी तीन कोटींच्या वर गेला नाही, आणि तो निवांत साधी बिलं फाडत बसला होता.

चालू वर्षात ओलांडलं असेल तर पुढच्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवसापासून लागू, म्हणजे तयारीला वेळ मिळतो. तो वेळ वापरा, एवढंच मागणं आहे.

कुठल्या बिलांना करायचं

जीएसटी नंबर असलेल्या पार्टीला दिलेलं करपात्र बिल, एक्स्पोर्टचं बिल, सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) दिलेलं बिल, आणि याच व्यवहारांच्या क्रेडिट नोट, डेबिट नोट. क्रेडिट नोट सगळेच विसरतात, माल परत आला की टॅलीत नोंद मारली आणि झालं असं नाही, तिचा पण आयआरएन काढावा लागतो.

काउंटरवर येऊन दोन चादरी घेऊन जाणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही. डिलिव्हरी चलनाला नाही, म्हणजे सूत सायझिंगला किंवा डाईंगला पाठवताय तर चलनच चालतं, पण सायझिंगवाला पाच कोटींच्या वरचा असेल तर त्याच्या मजुरीच्या बिलाला मात्र हो. मार्केट यार्डातल्या कांद्याला नाही, कारण त्यावर करच नाही आणि बिल ऑफ सप्लायला, म्हणजे कर न लावलेल्या बिलाला, ई-इन्व्हॉइस नसतो. बँका, विमा कंपन्या, एनबीएफसी (बँक नसलेल्या फायनान्स कंपन्या), मालवाहतूक करणाऱ्या ट्रान्सपोर्ट एजन्सी, प्रवासी वाहतूक, मल्टिप्लेक्सची तिकिटं, सेझमधली युनिट यांना सूट आहे. ट्रान्सपोर्टवाला क्यूआर देत नाही म्हणून त्याच्याशी भांडू नका.

सरकारी खात्यांना पण सूट आहे, पण ती ते स्वतः काही विकत असतील तर. त्यांना माल देणाऱ्या तुम्हाला नाही. हे वाक्य परत वाचा, कारण मी स्वतः इथंच तोंडावर पडलोय.

एका सरकारी संस्थेला युनिफॉर्मचं कापड दिलं होतं आमच्याकडनं. पुरवठा आदेशावर जीएसटी नंबर नव्हता, बाबूंना विचारलं तर म्हणाले आम्हाला कशाला नंबर, आम्ही काय धंदा करतोय का. मी विश्वास ठेवला आणि बिल किरकोळ गिऱ्हाइकासारखं काढलं, ना आयआरएन ना क्यूआर. दोन महिन्यांनी, तेही ऐन मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, बिल ऑब्जेक्शन लावून परत, की ई-इन्व्हॉइस नाही. बघतो तर त्यांच्याकडं नंबर होता, फक्त टीडीएस, म्हणजे पेमेंट देतानाच कापून घ्यायचा कर, कापण्यासाठी घेतलेला. आणि १७ जुलै २०२३ च्या १९८ नंबरच्या सर्क्युलरमधे स्पष्ट म्हटलंय की सरकारी खातं, स्थानिक संस्था, सरकारी कंपनी नुसत्या टीडीएससाठी नोंदलेली असली तरी ती नोंदणीकृतच धरायची आणि तिला दिलेल्या मालाला ई-इन्व्हॉइस करायचा. बिल रिटर्नमधे बीटूसीत (किरकोळ गिऱ्हाइकांत) गेलेलं, ते तिथनं काढून बीटूबीत (जीएसटी नंबरवाल्यांत) आणताना सीएची जी बोलणी खाल्ली ती वेगळीच, आणि पेमेंट त्या आर्थिक वर्षात काही आलं नाही.

तेव्हापासून माझा नियम, सरकारी ऑर्डर आला की पहिला फोन त्यांच्या अकाउंट सेक्शनला, "साहेब तुमचा टीडीएसचा जीएसटी नंबर द्या." टीडीएसचा नंबर ओळखायला सोपा आहे, आपल्या नंबरात चौदावं अक्षर झेड असतं, त्यांच्यात डी असतं. आणि आत पॅनऐवजी टॅन, म्हणजे टीडीएस कापणाऱ्याचा नंबर, असतो.

लॉगिन आणि ओटीपीची भानगड

पोर्टलवर, म्हणजे ईइन्व्हॉइस वन डॉट जीएसटी डॉट जीओव्ही डॉट इन वर, तुमचा नंबर चालू केलेला आहे का ते बघा. नसेल आणि तुम्हाला लागू असेल तर तिथंच एनेबलमेंटचा पर्याय आहे, स्वतःच टर्नओव्हर सांगून चालू करायचा. "पोर्टलनं आम्हाला चालू केलं नव्हतं" हे कारण कायद्यात चालत नाही.

ई-वे बिलाचं, म्हणजे माल वाहतुकीच्या ऑनलाइन परवान्याचं, लॉगिन आधीपासून असेल तर तोच युजर आयडी आणि पासवर्ड इथं चालतो, वेगळं रजिस्ट्रेशन करत बसू नका. नसेल तर जीएसटी नंबर टाका, नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी येईल.

आणि हा ओटीपी आता दरवेळेला आहे. एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच टू-फॅक्टर बंधनकारक झालंय. आता सीन कसा होतो बघा, रजिस्टर मोबाईल मालकाचा, मालक सहकुटुंब तिरुपतीला दर्शनाच्या लाईनीत, मोबाईल लॉकरमधे, आणि इकडं गाडी भरून उभी. यावर उपाय पहिल्याच दिवशी करा: मुख्य लॉगिनमधनं सब-युजर तयार करता येतात, बिलं काढणाऱ्या माणसाच्या नावानं त्याचाच मोबाईल टाकून एक करा, त्याला लागतील तेवढेच अधिकार द्या. ओटीपी एसएमएसवर येतो, संदेस या सरकारी मेसेज ॲपवर येतो, नाहीतर एनआयसी-जीएसटी-शिल्ड नावाचं ॲप आहे त्यात तयार होतो. माणूस नोकरी सोडून गेला तर त्याच दिवशी त्याचा सब-युजर बंद करायचा, हे मात्र मालकानं स्वतः बघावं.

मास्टर साफ करा, खरं काम इथं आहे

लोकांना वाटतं पोर्टल अवघड आहे. पोर्टल अवघड नाहीये ओ, आपल्या टॅलीतली पार्टीची यादी दहा वर्षांपासून झाडलेली नसते, ते अवघड आहे. साध्या बिलाला सगळं चालून जायचं. पार्टीचा पत्ता म्हणून नुसतं "विजापूर" लिहिलेलं असायचं, माल पोचायचा. इथं मशीन वाचतंय, त्याला पिनकोड लागतो, राज्य लागतं, आणि दोन्ही एकमेकाला जुळावे लागतात. विजयपूरची पार्टी, पिन ५८६१०१, आणि टॅलीत राज्य महाराष्ट्र पडलेलं कारण नवीन लेजर, म्हणजे पार्टीचं खातं, करताना तेच आपोआप येतंय. एरर. वर महाराष्ट्र पडलं म्हणून टॅलीनं सीजीएसटी-एसजीएसटी लावलेला, तिथं आयजीएसटी पाहिजे. परत एरर. आपल्याकडं कर्नाटक आणि तेलंगणातल्या पार्ट्या इतक्या असतात की हा एक घोळच निम्मा दिवस खातो. महाराष्ट्राचा कोड २७, कर्नाटक २९, तेलंगणा ३६, पार्टीच्या जीएसटी नंबराचे पहिले दोन आकडे तेच असतात, त्यावरनं पडताळा.

तर बसा एक दिवस, शक्यतो कारखान्याला सुट्टी असेल तेव्हा, आणि ज्यांच्याशी वर्षभरात व्यवहार झालाय तेवढ्याच पार्ट्या घ्या. प्रत्येकाचा नंबर जीएसटीच्या साईटवर टाकून चालू आहे का रद्द झालाय ते बघा, कायदेशीर नाव तिथं जे आहे तेच घ्या, पत्ता, सहा आकडी पिन. बिल एकाच्या नावानं आणि माल दुसरीकडं उतरवायचा असेल तर दोन्ही पत्ते वेगवेगळ्या रकान्यात. पार्टीनं नुकताच नंबर घेतलाय आणि पोर्टल म्हणतंय असा नंबरच नाही, तर घाबरू नका, पोर्टलवर जीएसटी कॉमन पोर्टलवरनं माहिती ताजी करून घ्यायचा सिंकचा पर्याय आहे, तो दाबला की बहुतेक वेळा येतो.

एचएसएन, म्हणजे मालाचा ठरलेला कोड, सहा आकडी टाकायचा, पाच कोटींच्या वर चार आकडी चालत नाही. टेरी टॉवेल ६३०२ मधे येतो हे सगळ्यांना पाठ आहे, पण पुढचे दोन आकडे विचारले की शांतता. चादरीचं विचाराल तर चार सीए चार आकडे सांगतील, तुमच्या सीएकडनं एकदाच लेखी घ्या आणि तोच धरून चाला. माप पण ठरलेल्या कोडातच जातं: पीस म्हणजे पीसीएस, डझन म्हणजे डीओझेड. आमच्याकडं एकानं युनिटमधे "गठ्ठा" असं करून ठेवलं होतं.

बिल नंबर

एक एप्रिलला नवी सिरीज चालू करताना हे लक्षात ठेवा. जास्तीत जास्त १६ अक्षरं, त्यात आकडे, इंग्रजी अक्षरं, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच. सुरुवात शून्यानं किंवा रेघेनं करायची नाही, म्हणजे शून्य-शून्य-एक वालं चालणार नाही. आयआरएन बनतोच मुळी चार गोष्टींवरनं, तुमचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर, त्यामुळं एकदा वापरलेला नंबर त्या वर्षात परत घेता येत नाही. घेतलात तर २१५० नंबरचा डुप्लिकेटचा एरर येईल. जून २०२५ पासून लहान-मोठी लिपी पण एकच धरतात, सगळं मोठ्या लिपीत बदलून घेतात, तेव्हा दोन सिरीज फक्त लिपीच्या फरकानं वेगळ्या ठेवल्या असतील तर एक बदला.

बिल काढायचं कसं

टॅली प्राइम, बिझी, मार्ग यांच्यापैकी काही असेल तर आतच सोय आहे, एकदा लॉगिन जोडून दिलं की बिल सेव्ह करताना विचारतं आणि दोन-चार सेकंदांत क्यूआर येतो. महिन्याला पाच-दहाच बिलं असतील आणि सॉफ्टवेअर जुनं असेल तर नवं घ्यायची घाई करू नका, एनआयसी या सरकारी कॉम्प्युटर संस्थेचं जेप नावाचं एक्सेलचं टूल फुकट आहे, त्यात भरायचं, जेसन फाईल बनवायची, पोर्टलवर चढवायची. कंटाळवाणं आहे पण चालतं. एनआयसीशिवाय काही खासगी कंपन्यांना पण आयआरपी म्हणून परवानगी आहे, कुणाकडनंही काढला तरी आयआरएन तोच.

छापताना क्यूआर स्वच्छ आला पाहिजे. जुन्या डॉट मॅट्रिक्सवर काढलेला क्यूआर म्हणजे कावळा-चिमणीचा खेळ, स्कॅनच होत नाही, लेझर प्रिंटर घ्याच. ६४ अक्षरी नंबर वेगळा छापायची सक्ती नाही, तो क्यूआरमधे असतोच. ओरिजिनल-डुप्लिकेट-ट्रिप्लिकेट अशा तीन कॉप्यांची पण आता गरज नाही, आणि तुमची डिजिटल सही पण लागत नाही. सरकारी ऑफिसात मात्र शिक्का आणि निळ्या शाईतली सही मागतातच, कायदा दाखवत बसू नका, मारून द्या.

माल महाराष्ट्राबाहेर जाणार असेल आणि ५० हजारांच्या वर असेल, किंवा राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वर असेल, तर ई-वे बिल वेगळं लागतंच. आयआरएन म्हणजे ई-वे बिल नाही. पण एकाच वेळी गाडी नंबर टाकला तर दोन्ही सोबत निघतात, तसंच करा.

चुकलं तर

२४ तास. तेवढ्यात पूर्ण बिल रद्द करता येतं, अर्धं नाही, आणि पोर्टलवर दुरुस्ती हा प्रकारच नाही. त्या बिलावर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करा, मग आयआरएन. रद्द झालेला नंबर गेला तो गेला, नवीन बिल नव्या नंबरानं. २४ तास उलटले की क्रेडिट नोट काढून नवीन बिल, किंवा बारीकसारीक असेल तर जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमधे, दुरुस्ती. म्हणून मी रोज संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी दिवसाची सगळी बिलं एकदा डोळ्याखालनं घालतो, रक्कम आणि पार्टीचा नंबर एवढंच. शनिवारी दुपारी काढलेल्या बिलाची चूक सोमवारी सापडली तर उपयोग काय?

दुसरी मुदत ३० दिवसांची. टर्नओव्हर १० कोटी किंवा वर असेल तर १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांनंतर पोर्टल बिल घेतच नाही. पाच ते दहा कोटींवाल्यांना ही मुदत अजून नाही, पण म्हणून महिनाअखेरीला एकदम बसून काढायची सवय लावून घेऊ नका, माल बाहेर पडायच्या आधी आयआरएन असायलाच हवा, रस्त्यात गाडी धरली तर हातात काय दाखवणार.

आयआरएन काढलेली बिलं एक-दोन दिवसांत आपोआप जीएसटीआर-१ मधे येऊन बसतात. बसली म्हणून डोळे झाकून फाईल करू नका, टॅलीशी जुळवा, रद्द केलेलं एखादं राहिलेलं असतं. आणि सही झालेल्या जेसन फाईली आपल्याकडं पेन ड्राइव्हवर महिन्याप्रमाणे ठेवा, पोर्टल म्हणजे तुमची तिजोरी नव्हे.

सरकारी पैसे

जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरनं ऑर्डर असेल तर जेमवर जे बिल बनवाल त्याचा नंबर, तारीख आणि रक्कम ई-इन्व्हॉइसशी पैशापर्यंत जुळू द्या. आधी ई-इन्व्हॉइस, मग तोच नंबर जेमवर, उलटं केलं की घोळ होतो. माल पोचल्यावर तिथल्या अधिकाऱ्यानं स्वीकृतीचं सर्टिफिकेट, सीआरएसी, काढल्याशिवाय पेमेंट हलत नाही, त्याचा पाठपुरावा तुम्हालाच करायचाय, गोड बोलून.

कर सोडून अडीच लाखांच्या वरच्या कंत्राटावर ते २ टक्के जीएसटी टीडीएस कापतात, एक टक्का केंद्राचा एक राज्याचा. कर सोडून बिल दहा लाखांचं तर वीस हजार कमी येणार, बँकेत कमी आले म्हणून ऑफिसात जाऊन वाद घालू नका. ते पैसे बुडत नाहीत, त्यांनी जीएसटीआर-७ हे टीडीएसचं रिटर्न भरलं की तुमच्या लॉगिनला टीडीएस-टीसीएस क्रेडिट रिसीव्हड नावाखाली दिसतात, पण आपोआप जमा होत नाहीत, तुम्ही जाऊन मान्य करावे लागतात, मग कॅश लेजरमधे, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्यात, पडतात. वर सांगितलेल्या त्या कापडाच्या बिलाचं पेमेंट शेवटी आलं तेव्हा मी पहिल्यांदा त्या पानावर गेलो, तर आधीच्या दोन ऑर्डरचे टीडीएसचे पैसे पण तिथंच पडून होते, कुणी ॲक्सेप्ट दाबलंच नव्हतं. दाबलं, आणि त्या महिन्याचा कर त्यातनंच गेला.